सर्व्हरवरचा पहारा

ताईच्या दवाखान्याची वेबसाइट धाकट्याने करून दिली होती, आणि पहिल्या महिन्यातच त्याला त्याचा पश्चात्ताप झाला होता. एका मोठ्या कंपनीत सर्व्हर सांभाळणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. आठवडाभर तो ते इतकं करायचा की सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपचं झाकण उघडायचंही त्याच्या जिवावर यायचं. पण ताई थोरली होती. तिने त्याला पोहायला शिकवलं होतं, आणि त्याने कशालाही नाही म्हटलं की तिला ते नेमकं आठवायचं.

ताई जनावरांची डॉक्टर. कुत्री, मांजरं, ससे, पोपट, क्वचित एखादं कासव. दवाखाना तळमजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत स्टीलचं टेबल, आणि दाराशी जमिनीला टेकलेला वजनकाटा. त्यावर कुत्री काही केल्या चढत नसत, पण त्यांचे मालक कोणी बघत नाहीसं पाहून हळूच चढत. सगळीकडे फिनेलचा वास, आणि फिनेलला अजिबात न जुमानणारा ओल्या कुत्र्याचा वास.

काउंटरवर बाई बसायच्या. त्यांना सगळे बाईच म्हणत. निवृत्त होईपर्यंत त्या टेलिफोनच्या कचेरीत चौकशीच्या खिडकीत होत्या, आणि विचारणाऱ्याला उत्तर मिळालंच पाहिजे ही तिथली शिस्त त्यांनी दवाखान्यातही आणली होती. वेबसाइटवर एक फॉर्म होता: नाव, फोन, ईमेल, जनावर कोणतं, त्याला काय होतंय. कोणी तो भरून पाठवला की मजकूर बाईंच्या कॉम्प्युटरवर यायचा आणि बाई फोन करून वेळ द्यायच्या.

एका शनिवारी धाकटा प्रिंटर दुरुस्त करायला आला, तेव्हा बाई मान वर न करता टाइप करत होत्या.

"काय चाललंय बाई?"

"उत्तरं लिहितेय, दादा. आज फार आलीत."

धाकट्याने वाकून पाहिलं. बाईंनी लिहिलं होतं: 'महोदय, छताच्या पत्र्यांविषयीची आपली माहिती मिळाली. आमच्या दवाखान्याचं छत सिमेंटचं असल्याने सध्या गरज नाही. आपल्याकडे एखादं जनावर असल्यास जरूर संपर्क साधावा.'

"बाई, तुम्ही ह्यांना सगळ्यांना उत्तरं देता?"

"मग? विचारलंय त्यांनी." बाईंनी चष्मा सारखा केला. "बारीक व्हायच्या गोळ्यावाले आहेत, स्वस्त घड्याळंवाले आहेत. एका मुलीला लग्न करायचंय. कोणाशी ते स्पष्ट लिहीत नाही ती. मी तिला कळवलंय की डॉक्टर विवाहित आहेत आणि शिवाय स्त्री आहेत."

"मग?"

"तिची हरकत नाही म्हणते."

धाकट्याने कपाळाला हात लावला. स्टूल ओढून तो बाईंजवळ बसला आणि त्यांना समजावून सांगू लागला की ही माणसं नाहीत. हे बॉट आहेत, म्हणजे प्रोग्रॅम. ते दिवसरात्र जगभरच्या वेबसाइटींवर फिरतात आणि जिथे फॉर्म दिसेल तिथे आपली जाहिरात टाकतात. आणि ज्या दारातून उत्तर येतं त्या दारावर खूण करून चौपट येतात.

"पण मी लिहिलं की त्यांचं लगेच उत्तर येतं," बाई म्हणाल्या.

"प्रोग्रॅम आहे ना बाई. लगेचच येणार."

"माणसं कुठे इतकी तत्पर असतात," बाई म्हणाल्या, आणि अर्धवट राहिलेलं उत्तर पुरं करून मगच त्यांनी हात आवरला.

आतून ताईने ऐकलं होतं. तिच्या हातात एक मांजर उलटं होतं. "धाकट्या, ह्याचा बंदोबस्त कर. परवा एका कुत्र्याच्या लसीची चौकशी ह्या पसाऱ्यात चार दिवस पडून होती."

धाकट्याने प्रिंटर तसाच ठेवला आणि फॉर्मखाली एक चौकोन आणून बसवला: 'मी यंत्र नाही.' त्यात टिचकी मारल्याशिवाय पाठवायचं बटण उघडत नव्हतं. काम झालं म्हणून तो हात झटकून जेवायला गेला.

सोमवारी ताईचा फोन आला. "दुप्पट आलीत."

"शक्यच नाही."

"बाईंनी मोजलीत. त्यांना काही कमी-जास्त झालेलं कळत नाही असं समजू नकोस."

संध्याकाळी त्याने सर्व्हर उघडून पाहिला आणि त्याचं त्यालाच हसू आलं, पण ते हसू ताईसमोर दाखवण्यासारखं नव्हतं. चौकोन पानावर होता. बॉट पान उघडतच नव्हते. ते फॉर्मचा मजकूर परस्पर सर्व्हरच्या हातात देत होते, आणि सर्व्हर आलेला प्रत्येक मजकूर निमूट घेत होता. चौकोनावर टिचकी पडली होती का, हे विचारायला त्याने सर्व्हरला सांगितलंच नव्हतं. कंपनीत एखाद्या नवशिक्याने हे केलं असतं, तर धाकट्याने त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं.

ताईला त्याने शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं.

ताई म्हणाली, "म्हणजे तू दाराला कुलूप लावलंस. भिंत बांधायची राहिली."

हे त्याच्या जिव्हारी लागलं. मग मात्र तो इरेला पेटला. त्याने दोन दिवस रजा टाकली. बायकोने विचारलं, "कंपनीचं काही?" तर तो म्हणाला, "नाही, कुत्र्यामांजरांचं." तिने पुढे विचारलं नाही.

दोन दिवसांत त्याने सर्व्हरवर जो पहारा बसवला, तो एखाद्या बँकेला शोभला असता. टिचकी खरी आहे का, ते सर्व्हर आता स्वतः तपासू लागला. फॉर्ममध्ये त्याने आणखी एक रकाना घातला, पण तो माणसाच्या डोळ्यांना दिसणार नाही असा. माणूस तो रिकामा सोडणार, बॉट अधाशासारखा तोही भरणार, आणि भरला की सापडला. पान उघडल्याबरोबर लगेच फॉर्म भरून आला, तर तो बॉट, कारण माणसाला लिहायला वेळ लागतो. तेच तेच पुन्हा पाठवलं तर बॉट; त्यासाठी सर्व्हर मजकुराची नुसती एक खूण ठेवायचा, शब्द नाहीत. मजकुरातल्या शब्दांनाही त्याने गुण ठरवून दिले. 'घड्याळ' शब्दाला गुण, 'तातडीने' शब्दाला गुण, ओळीने उद्गारचिन्हं आली की भरघोस गुण. गुण जास्त झाले की मजकूर गेला.

गेला म्हणजे कायमचा गेला. असला कचरा साठवायचा कशाला, असं त्याचं म्हणणं. आणि सापडलेल्या बॉटला आपण सापडलो हे कळता कामा नये, नाहीतर तो दुसरी वाट शोधतो. म्हणून ज्याचा मजकूर फेकला त्यालाही पानावर तेच दिसायचं, जे इतरांना दिसत होतं: 'धन्यवाद! आम्ही लवकरच आपल्याला फोन करू.'

हे शेवटचं करताना तो स्वतःवर विशेष खूश होता.

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून शांतता झाली. पत्रे गेले, गोळ्या गेल्या, लग्नाची मुलगीही गेली. दिवसाला तीनचार चौकशा यायच्या, त्याही नीट, सभ्य: सशाची नखं कापायची आहेत, कुत्र्याची लस द्यायची आहे, सोयीने वेळ कळवावी. ताईने धाकट्याला जेवायला बोलावलं आणि भाओजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बाई तेवढ्या खट्टू होत्या. रिकाम्या पडद्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "आता कोणी काही विचारतच नाही." धाकट्याला ते ऐकायला गोड वाटलं.

"चौकशा जरा कमीच आहेत हं," ताई एकदा म्हणाली.

"जनावरं बरी असतील," धाकटा म्हणाला.

घड्याळजी आले त्या सकाळी धाकटा योगायोगाने दवाखान्यातच होता, प्रिंटरसाठी. सत्तरीकडे झुकलेला, बारीक अंगाचा, कोटाची सगळी बटणं लावलेला माणूस. दोन्ही हातांत पुठ्ठ्याचा खोका धरून तो दारातूनच मोठ्याने बोलला, जसे कमी ऐकू येणारे बोलतात.

"तीन वेळा लिहिलं मी! तिन्ही वेळा धन्यवाद म्हणालात!"

बाकांवरची सगळी कुत्री एकदम गप्प झाली.

बाईंनी उठून खोका घेतला. आत एक राखाडी बोका होता, मोठ्या डोक्याचा, फाटक्या कानाचा. त्याचा डावा डोळा सुजून बंद झाला होता आणि कडेने पू वाहत होता. ताईने खोक्यात एकदाच पाहिलं आणि बोका उचलून आत नेला. दार लागलं.

घड्याळजी बाकावर टेकले. कोपऱ्यावरच्या गल्लीत त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. धाकटा त्यावरून अनेकदा गेला होता आणि आत कोणी असतं हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. कानात यंत्र होतं, पण फोनवरचं बोलणं त्यांना त्यातूनही समजत नसे. म्हणून ते फॉर्म भरत. बोका बाहेर कुठेतरी मारामारी करून आला, डोळ्याच्या कडेला ओरखडा होता, तेव्हाच त्यांनी पहिल्यांदा लिहिलं होतं. 'मी फोनवर ऐकू शकत नाही, लेखी कळवा' असंही लिहिलं होतं. पानावर धन्यवाद आला. ते वाट पाहत राहिले. संध्याकाळी पुन्हा लिहिलं. पुन्हा धन्यवाद. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा बोक्याने खाणं सोडलं होतं.

"मग थेट का नाही आलात काका?" धाकट्याने विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही. बाईंनी तेच एका कागदावर लिहून पुढे धरलं.

घड्याळजींनी ते वाचलं. "लवकरच कळवू म्हणालात ना," ते म्हणाले. "मी गिऱ्हाइकाला परवा म्हटलं की परवाच देतो. तुम्हीही तसेच असाल असं वाटलं."

धाकट्याने लॅपटॉप उघडला. मजकूर शोधून काही उपयोग नव्हता. शब्द त्याने ठेवलेच नव्हते. मग त्याने बाईंकडून कागदावर लिहवून घेतलं: 'तुम्ही जसं लिहिलं होतं, तसंच आत्ता माझ्यासमोर पुन्हा पाठवाल का?'

घड्याळजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं बंद घड्याळ जोरात आपटून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते पाहत असावेत. पण खिशातून फोन काढला. त्यांनी मजकूर आधीच नीट विचार करून फोनमध्ये लिहून ठेवला होता, तो उचलून फॉर्ममध्ये ठेवला. नाव, नंबर आणि ईमेल फोनने आपणहून भरलं, आणि भरता भरता न दिसणारा रकानाही भरून टाकला. मजकूर असा होता: 'मी घड्याळजी आहे. माझ्या बोक्याच्या डोळ्याला जखम झाली आहे. तातडीने वेळ द्यावी!!! घड्याळाच्या दुकानातच असतो, केव्हाही या!!!' घड्याळजींनी चौकोनात टिचकी मारली, बटण दाबलं. सगळं चटकन झालं. बारीक काम करणारी बोटं होती ती.

पानावर धन्यवाद झळकला. घड्याळजींनी फोन धाकट्याच्या तोंडासमोर धरला. "हे बघा. चौथ्यांदा."

धाकटा आपल्या पडद्याकडे पाहत होता. सर्व्हरने घड्याळजींना सगळ्या कसोट्यांवर नापास केलं होतं, एक टिचकी सोडून. न दिसणारा रकाना भरला होता, फार लवकर भरला होता, तेच तेच पाठवलं होतं, आणि शब्दांचे गुण तर इतके पडले होते की आजवर एकाही अस्सल बॉटला पडले नव्हते.

"काय म्हणतंय ते?" बाईंनी विचारलं.

"हे माणूस नाहीत म्हणतंय."

बाईंनी घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजी रुमालाने चष्मा पुसत होते. "आणि ती लग्नवाली?" बाई म्हणाल्या. "ती लिहायची छान. तीही माणूस नाही म्हणालात." एवढं बोलून त्या काउंटरमागे गेल्या. बाई रागावल्याचं धाकट्याने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याला ते कळायला थोडा वेळ लागला.

मग त्याच्या हळूहळू सगळंच लक्षात येऊ लागलं. ज्यांना नखं कापायची होती ते सावकाश, शांतपणे लिहीत होते आणि सुखरूप आत येत होते. ज्यांचा जीव टांगणीला लागला होता ते घाईने लिहीत, तातडीने म्हणत, उद्गारचिन्हांची रांग लावत, उत्तर नाही आलं की तेच पुन्हा पाठवत. म्हणजे घाबरलेला माणूस आणि बॉट ह्यांचं लिहिणं सारखंच होतं, आणि त्याने दोघांनाही एकाच दारातून बाहेर काढलं होतं, वर धन्यवाद म्हणून. असे किती गेले, कोणाची जनावरं होती ती, हे कळायला आता मार्ग नव्हता.

ताई बाहेर आली तेव्हा तिने हातमोजे काढलेले नव्हते. "डोळा काढावा लागेल," ती म्हणाली, आणि घड्याळजींना दिसेल असं स्वतःच्या डोळ्यावर बोट ठेवून तिने मान हलवली. "आधी आला असता, तर वाचवला असता."

हे शेवटचं वाक्य ती हळू बोलली. घड्याळजींना ते ऐकू गेलं नाही. धाकट्याला गेलं, आणि ते त्याच्यासाठीच होतं.

बाईंनी पहिलं वाक्य कागदावर लिहिलं. घड्याळजींनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला.

"बाकी ठीक राहील ना?"

ताईने मान डोलावली.

"मग करा," घड्याळजी म्हणाले. "मीही एका डोळ्यानेच काम करतो."

भिंग लावून, असं त्यांना म्हणायचं होतं. ताईने लगेच तोंड फिरवून आतलं दार लावून घेतलं.

धाकट्याने काउंटरवरचा कागद ओढला आणि लिहिलं: 'चूक माझी आहे. तुमचे मजकूर माझ्या प्रोग्रॅमने फेकून दिले. दवाखान्यात कोणापर्यंत पोचलेच नाहीत. माफ करा.' घड्याळजींनी ते वाचलं, पुन्हा वाचलं.

"का फेकले?"

ह्याचं उत्तर लिहिण्यासारखं नव्हतं. धाकट्याने तरी लिहिलं: 'तुम्ही घड्याळं विकणारं यंत्र आहात असं त्याला वाटलं.'

"मी विकत नाही," घड्याळजी म्हणाले. "दुरुस्त करतो."

दोघंही बाकावर बसून राहिले, बोका शुद्धीवर येईपर्यंत. मधे बाईंनी दोघांना चहा आणून दिला. धाकट्याचा कप त्यांनी जरा जोरात ठेवला.

ताई त्या संध्याकाळी फार बोलली नाही, पण जे बोलली त्यात पोहण्याचा विषय एकदाही आला नाही, ह्यावरून तिचा राग कुठवर गेलाय हे धाकट्याला समजलं. तिने वेबसाइटवर अगदी वर, ठळक अक्षरांत लिहायला लावलं: 'गेल्या काही दिवसांत तुम्ही फॉर्म भरला असेल आणि आमचा फोन आला नसेल, तर चूक आमची आहे. पुन्हा लिहा, किंवा जनावर घेऊन थेट या.' काही जण आले. एका माणसाने फक्त फोन केला, आता काय उपयोग म्हणाला, आणि ठेवला. तो फोन ताईने घेतला होता. कोणतं जनावर होतं ते तिने विचारलं नाही, आणि नंतर पुष्कळ दिवस त्याबद्दल ती बोललीही नाही.

पहारा काढून टाकावा असं धाकट्याच्या मनात आलं, पण मग पत्रे आणि गोळ्या परत आल्या असत्या, आणि त्यांच्याखाली चौकशा गाडल्या गेल्या असत्या. तेव्हा पहारा राहिला, पण त्याचे अधिकार गेले. आता सर्व्हर काहीच फेकत नव्हता. टिचकीच नसलेले, उघड उघड बॉट असलेले मजकूर एका बाजूला पडून राहत. ज्यांच्याबद्दल शंका असेल ते बाईंच्या पडद्यावर वेगळ्या रांगेत येत, आणि निकाल बाई देत. 'तातडीने' शब्दाचे गुण धाकट्याने काढून टाकले; उलट तो शब्द आला की मजकूर रांगेत सगळ्यात वर जाऊ लागला. फोनवर ऐकू न येणाऱ्यांसाठी 'लेखी कळवा' असा वेगळा रकाना आला, आणि हा रकाना सगळ्यांना दिसत होता. आणि पानावर आता 'लवकरच' शब्द नव्हता. 'आज संध्याकाळपर्यंत कळवलं नाही, तर थेट या' असं होतं.

बाईंना एकच अट होती: 'लेखी कळवा' म्हणणारे सोडून कोणाला उत्तर लिहायचं नाही. शंका वाटली तर फोन करायचा.

"आणि तो फोन बॉटने उचलला तर?" बाईंनी विचारलं.

"उचलणार नाही."

"बघू," बाई म्हणाल्या. त्यांना आता धाकट्याच्या कुठल्याच वाक्यावर पहिल्या झटक्यात विश्वास बसत नव्हता. पण त्या कामाला लागल्या आणि त्यांचा चेहरा पुन्हा टवटवीत झाला. कधी कधी संध्याकाळी कंपनीतून परतताना धाकटा दवाखान्यात डोकवायचा आणि बाईंजवळ स्टूल ओढून बसायचा. कोणी सांगितलं नव्हतं. बोक्याचे टाके निघाले त्या दिवशीही तो होता. बोक्याने ताईला बोचकारलं, घड्याळजींना बोचकारलं, आणि वजनकाट्यावर मात्र निमूट बसला.

एकदा असंच दोघं रांग पाहत असताना एक मजकूर आला. नाव होतं, फोन होता, जनावराचा रकाना रिकामा. खाली एकच ओळ: 'नमस्कार. तुमची वेबसाइट फार आवडली.'

"बॉट," धाकटा म्हणाला. "ह्यांची ही ठरलेली सुरुवात असते. पुढच्या वेळी हळूच काहीतरी विकायला काढतील."

"पुढे काहीच विकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "मला तर माणूस वाटतो. भिडस्त आहे."

"बाई, जनावरांच्या दवाखान्याची वेबसाइट कोणा माणसाला आवडेल?"

"तुम्हीच केलीत ना ती?"

ताई हात पुसत बाहेर आली. दोघांचं म्हणणं तिने ऐकून घेतलं, आणि वाद मिटवायचा म्हणून बाईंच्या हातातला फोन घेऊन स्वतःच तो नंबर फिरवला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग कोणीतरी उचलला.

"नमस्कार, जनावरांच्या दवाखान्यातून बोलतेय. तुम्ही आम्हाला लिहिलं होतंत... हो, वाचलं. तुमच्याकडे कोणतं जनावर आहे?... अच्छा, कोणतंच नाही. मग काही काम होतं का?"

ताई ऐकत राहिली. बाई आणि धाकटा तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"बरं," ताई म्हणाली. "सांगते त्याला." तिने फोन ठेवला.

"काय म्हणाले?" धाकट्याने विचारलं.

"आवडली म्हणाले. एवढंच सांगायचं होतं म्हणे."

बाईंनी तो मजकूर उचलून माणसांच्या रांगेत टाकला.